वेणीचं टोक

"काकू, मानेपर्यंतच ठेवा. चेहरा कसा उठून दिसेल बघा!" पार्लरमधली मुलगी म्हणाली.

सगुणाबाईंना तेच हवं होतं. नवऱ्याची, बळवंतरावांची, स्मरणशक्ती पुसत चालली होती. बायकोच्या वेणीचं टोक धरून ते घरभर मागे फिरत. तोंडाकडे मात्र बघत नसत. आज तरी बघतील, या आशेने कापलेली वेणी पिशवीत घालून त्या लाजत घरी आल्या.

"बसा ताई," बळवंतराव अदबीनं म्हणाले. "आमची मंडळी बाहेर गेलीये. येईलच."

"अहो, मीच की!"

ते कसनुसे हसले. घाबरून सगुणाबाईंनी वेणीच त्यांच्या हातात दिली. टोक चाचपताच त्यांचे डोळे भरले.

"ही तर आमच्या हिची वेणी!" कितीतरी दिवसांनी त्यांनी बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "ताई, काय झालं हो तिला?"