अडकलेलं चित्र

"कधी येतोस रे?" असं बाबांनी विचारलं, की परदेशातल्या दादाचं चित्र नेमकं तेव्हाच अडकायचं. तोंड अर्धवट उघडं, डोळे स्थिर, आवाज बंद. मग कॉल तुटायचा आणि बाबा नेटच्या नावाने खडे फोडायचे.

बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरली, तशी धाकट्या लेकीने हट्टाने सगळ्यात वेगवान नेट घेतलं. दादानेही तिकडे घेतलंच होतं. जोडणी करणारा म्हणाला, "काका, आता तुम्ही इथे खोकलात, की मुलगा तिथे पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहील." बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

त्या संध्याकाळी चित्र इतकं स्वच्छ होतं, की दादाच्या हनुवटीवरचा ब्लेडचा ओरखडाही तिला दिसला. 

"सोमवारी ऑपरेशन आहे," बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, घरच्यांना बोलावून घ्या. येतोस ना?"

दादाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. डोळे स्थिर, आवाज बंद.

"घ्या. एवढं भारी नेट, तेही अडकलं," बाबा म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. 

ती मात्र बघत राहिली.



दादाच्या पाठीमागून वहिनी वाळलेले कपडे घेऊन सावकाश चालत गेली.