नाकदोंगकाठचा शिक्का

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मी सायकलवर बसले, कोरियातल्या नाकदोंग नदीकाठच्या सायकलमार्गाचा शेवटचा टप्पा गाठायला. बाकीचे टप्पे आम्ही जोडीनेच केले होते. प्रत्येक टप्प्यावर लाल बूथमध्ये आपापल्या वहीत शिक्का मारायचा, खाली तारीख लिहायची. "शेवटचा शिक्का तुझ्याशिवाय मारणार नाही," असं नवऱ्याचं वचन होतं. समुद्राजवळच्या बूथपाशी हे चाकात हवा भरत होते, तेवढ्यात मी वह्या उघडल्या. यांच्या वहीत शेवटचा शिक्का आधीच होता. खाली यांच्याच अक्षरात माझ्या ऑपरेशनची तारीख. त्या दिवशी मी शुद्धीवर आल्यावर बऱ्याच वेळाने हे घामाने निथळत आले. काळजीचा घाम समजून मीच तो पुसला होता. "बोरामचे बाबा," वही दाखवत मी विचारलं, "त्या दिवशी वारा कसा होता हो?" हे पुटपुटले, "परतताना समोरून होता गं, नाहीतर वेळेत पोचलो असतो."