पडद्याच्या कडेने

"काकू, हा मॉनिटर आता आडवा करतो. मालिका नीट दिसतील," म्हणत पुतण्याने पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेला पडदा फिरवलाही.

मालिनीताईंचे यजमान होते तोवर तो कायम उभाच असायचा. अंथरुणाला खिळले तरी शेवटपर्यंत ते त्यावर पुस्तकांची मुद्रितं तपासत राहिले. "पान उभं असतं, मग पडदाही उभाच हवा," एवढंच म्हणायचे. "त्यातून डोकं वर काढाल तर शपथ," ताई स्वयंपाकघरातून कुरकुरायच्या.

पुतण्या गेल्यावर त्या पहिल्यांदाच यजमानांच्या जागी, त्यांच्याच उशीवर डोकं टेकून पडल्या. चित्र ऐसपैस दिसत होतं. पण त्यामागे स्वयंपाकघराचं दार पार झाकलं गेलं होतं.

ताई उठल्या. मॉनिटर पुन्हा उभा केला आणि परत येऊन पडल्या. मालिकेतली माणसं आडवी झाली होती, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पडद्याच्या कडेने आता दार दिसत होतं, दारातून ओटा, शेगडी, आणि दिवसभर त्या उभ्या असायच्या ती जागा.

कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. ओट्यापाशी कोणीच नव्हतं.