दोघींचे अंगठे

"माणूस समोर बसून सांगतंय ते खोटं, आन् अंगठा सांगंल ते खरं." मथुराबाई लेकीच्या कानाशी पुटपुटली. "जाऊ दे की भैरे. चल घरी."

भैरवीनं तिला हात धरून बसवून ठेवलं. लोहाऱ्याच्या आधार केंद्रातल्या बाकावर मायलेकी सकाळपासून खेटून बसल्या होत्या. पुढं अजून आठ माणसं होती.

नवरा गेल्यावर भैरवी मुरुमहून माहेरी, माकणीला आली होती. गावच्या अंगणवाडीत मदतनीस हवी होती, पण गावचीच. अर्जाची मुदत उद्या संपत होती आणि आधारवरचा पत्ता अजून मुरुमचा होता. माकणीचा एकही कागद तिच्या नावावर नव्हता. केंद्रातल्या गायत्रीनं मागच्या खेपेला वाट सांगितली. कुटुंबप्रमुख म्हणून आईला आणा, दोघींचे अंगठे घेऊ, आई-मुलगी असं नातं नोंदवू, पत्ता बदलून येईल, तोवर अर्जाला पावती चालेल.

दोघींचे अंगठे! त्या दिवसापासून भैरवीला त्या मशीनची धास्ती बसली होती.

कारण ती मथुराबाईच्या पोटची नव्हती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे घर बसलं. मथुराबाईला बाहेर काढलं तेव्हा ती बेशुद्ध होती, आणि कुशीतली नऊ महिन्यांची भैरवी गेली होती. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, तीही डोळ्यांवर पट्ट्या घेऊनच. तेवढ्यात तिच्या नणंदेनं, वनमालाआत्यानं, ज्याचं कुणीच उरलं नव्हतं असं एक लेकरू तिच्या कुशीत ठेवून दिलं. पट्ट्या निघाल्या दीड महिन्यानं. तोवर लेकराला तिचा लळा लागला होता, आणि तान्ह्या लेकराचं तोंड काय, महिन्याला बदलतं. नाव तेच चाललं. अख्ख्या भावकीनं तोंडं शिवली.

मरताना आत्यानं भैरवीला हे सांगितलं आणि शपथ घातली. तुझ्या मायला कळू देऊ नको, ती जगायची न्हाय.

आता कळणार होतं. डोळ्याची बुबुळं ओळखणाऱ्या मशीनला मायलेकीचं रक्त ओळखायला कितीसा वेळ? मागच्या साली मथुराबाईला झटका येऊन गेला होता, धक्का बसेल असं काही बोलू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं. आणि इथं भैरवी स्वतःच्या हातानं तिला मशीनपुढं घेऊन आली होती, महिन्याच्या पगारासाठी.

भैरवीनं मनाशी ठरवलं होतं, आईच्या आधी गायत्रीला गाठायचं आणि गुपचूप सांगून ठेवायचं. ती दोनदा उठून खिडकीशी गेली. एकदा मशीन नीट चालतंय का विचारलं, दुसऱ्यांदा फी किती ते. गायत्रीनं दोन्ही वेळा खाली बसायला सांगितलं. पंख्याखाली बसूनसुद्धा मथुराबाईला घाम फुटला होता. अंगठा पदरानं पुसून पुसून तिनं लाल केला होता. भैरवीनं पाणी पुढं केलं तर घेतलं नाही. एकदा चक्कर येतीय म्हणाली, एकदा दावणीची म्हैस आठवली.

शेवटी नंबर आला. दोघी पार्टिशनच्या आत जाऊन बसल्या. गायत्रीनं फॉर्म पुढं ओढला.

"ही तुमची मुलगी ना, आजी?"

मथुराबाईनं अंगठा पुन्हा पदरात घेतला.

"रेशन कार्डाची झेरॉक्स लागंल न्हवं?" मथुराबाईनंच उलट विचारलं. गायत्री म्हणाली, असली तर बरंच.

"जा, घिऊन ये," मथुराबाई लेकीला म्हणाली. "पळू नको. सावकाश ये."

भैरवी पळालीच. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरापोरींचा घोळका होता, त्यांच्या डोक्यावरून हात घालून तिनं कार्ड पुढं केलं. मागं माय एकटी, मशीनपुढं. सुटे पैसे परत न घेताच ती उलटी फिरली.

पार्टिशनशी आली आणि तिथंच थांबली. मथुराबाईनं अंगठा अजून लावला नव्हता. मूठ घट्ट मिटून ती टेबलावरून पार पुढं वाकली होती, गायत्रीच्या कानाशी.

"बाई, मशीनला काय दिसंल ते तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या," ती म्हणत होती. "पहिल्यांदा पदराखाली घेतली त्याच दिशी वळखलं म्या, ही माझी न्हाय. तिला मातुर अजून ठाव न्हाय."