दिव्याचा मीटर

भरमानं दुकानाच्या काउंटरवर गाडीत बसवायचे तीन मीटर मांडले आणि पहिल्यावर बोट ठेवून काहीतरी सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, त्यामुळं मारुतीरावांना एक अक्षरही कळलं नाही.

"रस्त्याचा गलका हाय लई," ते म्हणाले. "जरा वर बघून बोल की रं."

भरमानं मान वर केली. "ह्यो तुमच्या कामाचा न्हाय, अण्णा. पेट्रोल गाडीचा हाय. कॉइलवरनं इंजिनाचे फेरे मोजतोय. तुमची गाडी डिझेल, तिला कॉइलच न्हाय. तुमास्नी अल्टरनेटरवरनं वायर घेणारा पायजे. ह्ये दोन बघा."

मारुतीरावांनी एकतीस वर्षं सरकारी बस चालवली होती, आणि एकदाही कुणाला साधं खरचटलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वीस वर्षांची जुनी व्हॅन घेतली. तिच्यात स्वतःच्या हातानं पलंग बसवला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली. बायकोला, बाळाबाईला घेऊन ते वाट फुटेल तिकडं जायचे.

दिवाळीनंतर त्यांचा डावा कान गेला. उन्हाळ्यापर्यंत उजवाही गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखायला शिकले. बाळाबाईचं तर सोपंच होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं तोंड उघडायच्या आधीच अर्धं वाक्य त्यांना कळायचं.

पण इंजिनाला ओठ नसतात.

मागच्या महिन्यात पेट्रोलपंपावर त्यांनी चालू इंजिनावरच पुन्हा स्टार्टर मारला. पंपावरची सगळी माणसं वळून बघायला लागली, तेव्हा त्यांना कळलं. त्याच आठवड्यात निपाणीहून येताना तवंदीचा चढ ते दुसऱ्या गिअरमध्येच चढत राहिले. इंजिन केव्हापासून किंचाळत होतं कोण जाणे. हीटचा काटा लाल खुणेला टेकला, तेव्हा कुठं त्यांनी पाय उचलला.

म्हणून हा मीटर. बाळाबाईला त्यांनी सांगितलं होतं, डिझेल वाचतं म्हणून. खरं कळलं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी पुण्याला सौरवला फोन लावला असता, आणि पोरानं आठ दिवसांत गाडी विकायला लावली असती.

"ह्याच्यात बझर हाय," भरमा सांगत होता. "फेरे वाढले की वाजतोय. मीटरकडं बघायलाच नको. दुसऱ्याला नुस्ता लाल दिवा. माझं ऐका, बझरचा घ्या."

त्यानं दोन वायरी बॅटरीला लावल्या आणि बटण दाबलं. मारुतीराव त्याच्या बोटाकडं बघत राहिले.

"पुरंल न्हवं आवाज?"

बझर वाजला होता की नव्हता? भरमाच्या चेहऱ्यावरून काहीच समजत नव्हतं.

"पुरंल की," ते म्हणाले.

तेवढ्यात बाळाबाईनं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी वळून बघितलं.

"बझरनं माझं डोकं उठंल," ती म्हणाली. "दिव्याचाच घ्या."

मारुतीरावांचा जीव भांड्यात पडला. "हिला बझर सोसायचा न्हाय," त्यांनी भरमाला सांगितलं. "दिव्याचा दे."

भरमानं आधी तिच्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं. ह्याला संशय आला, मारुतीरावांच्या मनात आलं. बाळाबाई भरमाकडं वळून काहीतरी बोलली, त्यानं मान हलवली.

"काय म्हणालीस?"

"काटा मोठा असलेला द्या म्हटलं. मलाबी दिसाय पायजे."

मीटर बसवायला दुपार झाली. इंजिन चालू केल्यावर काटा थरथरला आणि आठशेवर येऊन थांबला. मारुतीराव त्याच्याकडं बघतच राहिले. किती महिन्यांनी त्यांना इंजिन पुन्हा भेटलं होतं.

गाडी चालवून बघायला ते काकतीच्या दिशेनं निघाले. भरमा मागं पलंगावर बसला, बाळाबाई पुढं. पूर्वी ती मागं खुशाल झोपायची. दोन महिने झाले, पुढंच बसायची आणि डोळ्याला डोळा लावायची नाही. मागून ट्रक आला की, बाजूला मोटारसायकल आली की, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. वयानं भित्री झाली, असं मारुतीरावांना वाटायचं.

हायवेला लागल्यावर काटा चढला, दिवा लागला. त्यांनी गिअर बदलला. झकास जमलं. बाळाबाईचे ओठ हलताना दिसले म्हणून त्यांनी मान वळवली.

"काय?"

"सावकाश म्हटलं."

तेवढ्यात गाडी पांढऱ्या रेघेवरून सरकली. बाळाबाईनं त्यांचा गुडघा आवळून धरला. त्यांनी आरशात बघितलं. आरसाभर टँकर होता, दिवे उघडमीट करत होता. त्यांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. टँकर हातभर अंतरावरून पुढं गेला आणि सगळी व्हॅन हादरली. त्याचा हॉर्न किती वेळ बोंबलत होता, देव जाणे. आतल्या आरशात भरमाचा चेहरा पांढराफटक दिसत होता.

परत येईपर्यंत मारुतीराव चाळीसच्या वर गेले नाहीत.

दुकानाशी उतरल्यावर बाळाबाई समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेली. भरमा फडक्याला हात पुसत उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं. मारुतीरावांनी उत्तर तयार ठेवलं. वारा होता, इंजिनाचा आवाज होता, ध्यान मीटरकडं होतं.

भरमानं एकदा हॉटेलकडं बघितलं. मग तो अगदी त्यांच्या समोर आला.

"रागावू नका अण्णा, एक इचारू?" तो म्हणाला. "आक्का माझ्यासंगं चांगल्या खणखणीत बोलत्यात. मग तुमच्याशी बोलताना आवाज न काढता नुस्ते ओठच का हलवत्यात?"