शिळे स्पर्श

ग्लेनने पप्पांचा दिवा प्लगला लावला आणि शेजारच्या आपल्या दिव्याकडे पाहत बसला.

दिव्यांची ही जोडी आठ वर्षांपूर्वीची. एकावर हात ठेवला की इंटरनेटवरून दुसरा उजळायचा. एक विरारच्या बोळिंजला ग्लेनकडे, दुसरा निर्मळला पप्पांकडे. चार वर्षांपूर्वी कंपनी बुडाली, तिचा सर्व्हर बंद झाला आणि जगभरचे असले दिवे एका दिवसात मुके झाले. ग्लेनने चार हौशी मित्रांना गाठून नवं सॉफ्टवेअर लिहिलं, स्वतःचा सर्व्हर उभा केला. दीड हजार दिवे पुन्हा लागले. कॅनडातल्या एका आजींनी तर त्याला मोजे विणून पाठवले. विरारच्या उकाड्यात मोजे!

पप्पांच्या दिव्यात फक्त नव्या सर्व्हरचा पत्ता घालायचा होता. बोळिंजहून निर्मळ स्कूटरवर वीस मिनिटं. तो दर रविवारी पुढच्या रविवारी जाणार होता. आता त्याला त्याची लाज वाटत होती.

परवा पप्पांना जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली. बहिणीने, एलिसाने, दिवा टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की हात ठेवायचे त्यावर," ती म्हणाली. "मी सांगायचे, पप्पा, बंद पडलाय तो. तर म्हणायचे, ग्लेन करतोय ना चालू. झाला की सगळं एकदम पोचेल."

पप्पांचं खरं होतं. नेट गेलं तर दिवा स्पर्श साठवून ठेवतो, सर्व्हर सापडला की पाठवतो आणि मग पुसून टाकतो. ग्लेननेच त्यांना हे समजावलं होतं. म्हणून तर तो आज सुट्टी टाकून बसला होता. चार वर्षांचे स्पर्श. दिवा कितीही वेळ लुकलुकला तरी जागचं हलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

नवा पत्ता मिळताच पप्पांच्या दिव्याला सर्व्हर सापडला. ग्लेनचा दिवा लागला नाही.

त्याने लॅपटॉप उघडला. नोंदी भराभर वर सरकत होत्या. संध्याकाळचे साडेसात, पुन्हा साडेसात, पुन्हा साडेसात. तेव्हा त्याला कोडमधली ती ओळ आठवली. जुन्या स्पर्शांनी लोकांचे दिवे उगाच लुकलुकू नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी ती त्यानेच सर्व्हरवर घातली होती. मित्रांनी वाहवा केली होती. त्याने झडप घालून पप्पांच्या दिव्याची वायर उपटली, पण तोवर दिवा रिकामा झाला होता.

पडद्यावर तेराशे बारा वेळा तोच शेरा होता: एका दिवसाहून जुना, टाकून दिला.