चपला मोजू नका

"माणसं मोजा ताई, चपला मोजू नका," पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला होता.

ती हसली होती. "आमच्या घरात चपलाच खरं बोलतात."

त्यात खोटं काही नव्हतं. कोण घरात, कोण बाहेर, हे दाराजवळच्या स्टँडवरून कळायचं. हाका मारून उपयोग नव्हता. नवरा कानांत बोळे घालून कामाला बसायचा. आणि नवऱ्याच्या आत्यांना मशीन लावल्याशिवाय ढोल वाजला तरी कळत नसे.

मागच्या खोलीची चौकट वाळवीने पोखरली होती. सगळं घर टेपने बंद करून विषारी धूर सोडायचा, दोन दिवस कुणी आत पाऊल टाकायचं नाही, मग रंगकाम. मागची खोली आत्यांची. घरात ऊन यायचं ते तेवढ्याच खोलीत. पुढच्या खोलीच्या भिंतींना ओल होती आणि त्या ओलीत चार वर्षांची छोटी खोकून खोकून निळी पडायची. ती उशाशी बसून लेकीचे श्वास मोजायची. पुढचा हिवाळा हिला या ओलीत काढू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"या खोलीतून मी आडवीच निघेन, सूनबाई," आत्या म्हणाल्या होत्या. "मग नाचा हवं तेवढं."

नवऱ्याने मान खाली घातली होती. "तिने वाढवलंय मला. कोणत्या तोंडाने सांगू?"

रंग वाळला की खाट पुन्हा त्याच कोपऱ्यात, असं वचन घेऊनच आत्यांनी खोलीला हात लावू दिला.

आवराआवर तिने परीक्षेचा अभ्यास करावा तशी केली. प्रत्येक खोक्यावर आकडा, वहीत यादी. चार नंबर, चादरी. पाच नंबर, फोटो, काच, जपून. आत्या खुर्चीत बसून बघत होत्या.

"मी गेल्यावर आवरावं तसं आवरते आहेस."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आत्या."

"मग मलाही एक नंबर घाल."

"अठरा!" छोटी ओरडली. सगळे हसले. आत्यासुद्धा.

सामान अडगळीच्या खोलीत छतापर्यंत रचलं. वरून पांढरं प्लास्टिक. शेवटच्या रात्री आत्यांचं अंथरूणही तिथेच, खोक्यांच्या मागे पडलं. धुळीने त्यांना खोकला लागला. तिनेच खोकल्याचं, गुंगी आणणारं औषध पाजलं, पाठ चोळून दिली. खोकला थांबला.

"सकाळच्या गाडीने मी बहिणीकडे जाते," आत्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "सोडायला येऊ नका. मी काही सामान नाही."

सकाळी स्टँडवर आत्यांच्या जाड टाचांच्या चपला नव्हत्या. नवरा दात घासत तिथेच थबकला.

"आत्या गेलीसुद्धा?"

"काल म्हणत होत्या ना, सकाळच्या गाडीने जाईन म्हणून."

"न सांगता?"

"रुसल्या असतील."

"रुसली की असंच करते ती. लहानपणापासून बघतोय."

छोटी उंबऱ्यात आपल्या खेळण्यांच्या खोक्यावर ठाण मांडून बसली होती. बापाने खोकं उचलू पाहिलं. "बापरे, दगड भरलेस की काय?"

"गुपित आहे."

"असू दे रे तिचं," ती म्हणाली आणि खोकं स्वतःच गाडीत नेऊन ठेवलं.

पेस्ट कंट्रोलवाला खोलीखोलीतून फिरला. "ही बारीक खोली?"

"सामान आहे. छतापर्यंत."

त्याने दार किलकिलं केलं. पांढरं प्लास्टिक, ओळीने आकडे, सुवाच्य अक्षर. त्याने कौतुकाने मान हलवली. "ताई, माणसं मोजलीत?"

तिने स्टँडकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. रिकामा. तिने कागदावर सही केली. दाराच्या टेपवरून अंगठा फिरवून एकही कड सुटलेली नाही ना, हे तिनेच तपासलं.

दोन दिवस ते तिच्या माहेरी राहिले. दुसऱ्या संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवर आत्यांच्या बहिणीचा आवाज आला, "काय रे, तिला पाठवताय कधी?"

नवरा तसाच घराकडे धावला. अडगळीच्या खोलीत, खोक्यांच्या मागे, आत्या अंथरुणातच सापडल्या.

चौकशी झाली. तिने सगळ्यांना एकच सांगितलं. "मी चपला बघितल्या. माणूस बघायला हवा होता." पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, मी बजावलं होतं. त्यावर ती इतकी रडली की त्यालाच वाईट वाटलं. पण आत्यांच्या चपला गेल्या कुठे, हे कुणालाच कळलं नाही. एवढ्या गडबडीत, एवढ्या सामानात, लोक म्हणाले, गेल्या असतील कुठेतरी. नवऱ्याने तिला जवळ घेतलं. "मीसुद्धा चपलाच बघितल्या ना."

मागच्या खोलीला फिकट पिवळा रंग लागला. छोटी तिथे झोपायला लागली आणि आठवड्यात खोकला गेला. इमारतीतल्या बायका म्हणाल्या, झालं ते झालं, निदान चार ओळी लिही, नोटीस बोर्डावर लावू, दुसऱ्या कुणावर ही पाळी नको.

ती उन्हात, खिडकीशी लिहायला बसली. मागे छोटीने खेळण्यांचं खोकं पालथं केलं.

"आई, माझं गुपित कुठे गेलं?"

"कुठलं, बाळा?"

"आत्याआजीच्या चपला. तू सांगितलंस तशा मी अगदी तळाशी लपवल्या होत्या. बाबांना पण नाही सांगितलं."

तिने उठून छोटीला कुशीत घेतलं, पाठीला कान लावला. श्वास अगदी मोकळा होता. मग ती परत खिडकीशी आली आणि शेवटची ओळ लिहिली: 'हे वाचून झालं की आधी घरी जा, आणि तुमच्याकडचं म्हातारं माणूस कुठे आहे ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.'